कोणती पिशवी, ताई?

कोपर स्टेशनवर रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसाला कोपर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. खाली कल्याणची लोकल, वर दिवा-वसईची गाडी आणि जिन्यावरच्या गर्दीत शेजाऱ्याचे कोपर आपल्या बरगडीत. आपल्या मराठीने तर या एका सांध्यावर केवढे बोलणे उभे केले आहे! मैत्रिणीला कोपरखळी मारायची, नकोशा माणसाला कोपरापासून नमस्कार करायचा, निवडणुकीत पुढारी कोपराला गूळ लावून जातो ते पाहायचे. बाहेरून दिसणाऱ्या अवयवांची नावे अशी आपल्या जिभेवर खेळतात. कातडीच्या आत शिरलो की मात्र तीच जीभ अडखळते.

वर्षावासात कोपर पूर्वेच्या एका विहारात रविवारचे ग्रंथवाचन संपल्यावर आम्ही एक साधा खेळ घेतला. आम्ही म्हणजे दोन परिचारिका, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आणि एक निवृत्त शिक्षिका. मोठ्या पुठ्ठ्यावर माणसाची आकृती काढली, चिठ्ठ्यांवर अवयवांची नावे लिहिली आणि जमलेल्यांना म्हटले, ज्याची चिठ्ठी त्याच्या जागी लावा. मनगट, दंड, खुबा, नडगी, पोटरी, घोटा, गुडघ्याची वाटी या चिठ्ठ्या पाच मिनिटांत लागल्या. मग आतल्या अवयवांची पाळी आली. यकृत डाव्या छातीत गेले. मूत्रपिंडे ओटीपोटात पोहोचली. जठर बेंबीच्या खाली चिकटले. स्वादुपिंडाची चिठ्ठी हातोहात फिरून पुन्हा आमच्याकडेच आली.

‘गर्भाशय’ ही चिठ्ठी चाळिशीच्या एका ताईंच्या हातात होती. उजव्या हाताला प्लास्टर होते, म्हणून डाव्या हातात. त्या म्हणाल्या, “ही मी कशाला लावू? माझी पिशवी काढलीय.”

शिक्षिकाबाईंनी सहज विचारले, “कोणती पिशवी, ताई?”

“कोणती म्हंजे? बाईला काय दहा पिशव्या असतात का?”

सगळे हसले, ताईही हसल्या. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला पुढचे तीन रविवार लागले. तेच येथे थोडक्यात मांडत आहोत.

एक शरीर, तीन भाषा

आपल्या शरीराला तीन भाषांत नावे आहेत. पहिली घरची: काळीज, पानथरी, आतडी, नस, पिशवी. दुसरी शाळेच्या पुस्तकातली: यकृत, प्लीहा, आंत्र, चेतातंतू, गर्भाशय. तिसरी केसपेपरवरची: लिव्हर, स्प्लीन, इंटेस्टाइन, नर्व्ह, युटेरस. आपण पहिलीत बोलतो, दुसरी परीक्षेपुरती पाठ करतो आणि औषधोपचार तिसरीत होतात. या तिन्हींचा सांधा जुळला नाही तर आपण सांगतो एक आणि लिहिले जाते दुसरे.

घरची भाषा कमी प्रतीची आहे, असे मात्र कुणी समजू नये. मटणाच्या दुकानात काळीज, गुर्दा, भेजा, वजडी आपण नेमके मागतो आणि नेमके ओळखतो. आपल्या पणजोबांना तर जनावराचे शरीर आतून पाठ होते, कारण मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने त्यांच्यावर लादले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि समाजाने ते मनावर घेतले. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या हाती पुस्तके होती त्यांना प्रेताला हात लावण्याचा विटाळ होता. म्हणून १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा ती केवढी मोठी घटना ठरली. ज्या हातांना शरीर माहीत होते त्यांना शाळा बंद, आणि ज्यांना शाळा खुली होती त्यांना शरीर अस्पृश्य. घरची भाषा आणि केसपेपरची भाषा यांच्यातली दरी अशी जुनी आहे. ती बुजवायचे काम आता आपले.

सुरुवात ‘काळीज’ या शब्दापासून करू. ‘काळीज धडधडतं’ म्हणताना आपल्याला हृदय म्हणायचे असते. खाटकाकडे काळीज मागितले तर तो यकृत देतो, आणि शब्दाचा मूळ अर्थही तोच. दवाखान्यात ‘काळजात दुखतंय’ म्हटले, तर डॉक्टरांनी काय समजावे? त्यापेक्षा बोट ठेवून जागा दाखवावी आणि मग नाव सांगावे.

पोट म्हणजे चार खोल्यांचे घर

औषधाच्या दुकानात सगळ्यात जास्त मागितली जाते ती ‘पोटात दुखण्याची गोळी’. पोट हा एक अवयव नाही, ते एक घर आहे. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मनात ओढा. चार खोल्या झाल्या.

वरची उजवी खोली यकृताची. बरगड्यांच्या आड बसलेला हा आतला सर्वांत जड अवयव. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. कावीळ झाली की याची तपासणी होते. त्याच्या खाली चिकटून पेरूएवढ्याही नसलेल्या आकाराचे पित्ताशय असते. त्यात खडे झाले तर तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती कधी कधी उजव्या खांद्याच्या मागे जाते.

वरची डावी खोली जठराची. आपण खाल्लेले अन्न आधी जाते ते येथे. त्याच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, पानथरी म्हणजे प्लीहा. हिवतापात ती वाढते, हे जुन्या माणसांना ठाऊक असे. पोट चाचपून ‘पानथरी वाढली’ असे ते सांगत. जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड. मधुमेहाच्या बोलण्यात येणारे इन्शुलिन येथे तयार होते.

खालच्या उजव्या खोलीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक छोटे शेपूट लोंबते, ते आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स. त्याला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन कामावर गेलो तर दुखणे दबते आणि आतला आजार वाढत राहतो. म्हणून ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगू नका. कुठे सुरू झाले, कुठे सरकले, किती वेळ झाला, हे तीन तपशील सांगा.

सगळ्यात खाली मधोमध ओटीपोट. तिथे मूत्राशय, आणि स्त्रियांमध्ये त्याच्या मागे गर्भाशय. मूत्रपिंडे मात्र या चारही खोल्यांत पुढे नाहीत. ती पाठीकडे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास असतात. मुतखड्याची कळ कुशीतून निघून जांघेकडे उतरते, ती यामुळेच.

‘छातीत’ आणि ‘नस’: दोन फसवे शब्द

‘छातीत गाठ आहे’ असे एक बाई सांगते. लाजेने ती हात पदराआडच ठेवते. पुढचा माणूस घाईत असेल तर कागदावर लिहिले जाईल, छातीचा एक्स-रे. तिला सांगायचे होते स्तनात गाठ आहे. छाती म्हणजे बरगड्यांचा पिंजरा, त्यातली फुप्फुसे आणि हृदय. स्तन वेगळे, त्यांची तपासणी वेगळी. स्तन हा शब्द उच्चारायला लाजू नका. त्या एका शब्दाने कॅन्सरचे निदान कित्येक महिने आधी होऊ शकते.

छातीतल्या जळजळीबद्दलही असेच. आंबट ढेकर येऊन घशाशी जळजळणे वेगळे. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब येणे, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम फुटणे हे वेगळे. दुसऱ्या प्रकारात सोडा पिऊन वाट पाहू नये. ताबडतोब १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि जिथे ईसीजी निघतो तिथे जावे. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसता दम लागणे, मळमळ, विलक्षण थकवा असाही येतो.

‘नस’ या शब्दाने तर आम्हाला सगळ्यात जास्त दमवले. नस चढली, नस दबली, नस आखडली, नस तुटली, नस सापडत नाही. पाच वाक्यांत नस हा शब्द किमान चार वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे. सलाईन लावताना सापडत नाही ती नीला, म्हणजे हृदयाकडे परत जाणाऱ्या रक्ताची नळी. मनगटावर ठोके लागतात ती धमनी, म्हणजे हृदयाकडून येणाऱ्या रक्ताची नळी. रात्री पोटरीत ‘नस चढते’ तो स्नायूचा गोळा. जिना चढताना टाचेच्या वर ‘तुटते’ ती कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. आणि ‘दबते’ तो चेतातंतू, म्हणजे मेंदूची तार.

यातला चेतातंतू ओळखायचा असेल तर कोपर आठवा. दंडाचे एक हाड आणि पुढच्या हाताची दोन हाडे येथे एकत्र येतात. केसपेपरवर त्यांची नावे ह्युमरस, रेडिअस आणि अल्ना. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखी झिणझिणी येते. ती हाडातून जात नाही. अल्नर नावाचा चेतातंतू कोपराच्या मागून, हाडाला लागून, कातडीच्या अगदी जवळून जातो. मार त्याला बसलेला असतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट त्याच्या ताब्यात. शिवणकाम, पॅकिंग, भांडी घासणे अशी कामे करणाऱ्या बायकांच्या अंगठ्याला आणि त्याच्या बाजूच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात, तो दुसरा चेतातंतू. तो मनगटात दबतो. म्हणून ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणण्यापेक्षा ‘या बोटांना येतात’ असे सांगितले, तर अर्धे निदान तिथेच होते.

आता पिशव्या मोजू

ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. बाईच्या पोटात पिशव्या किती?

बोलण्यातल्या तीन. पित्ताची पिशवी म्हणजे पित्ताशय. लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. गर्भाची पिशवी म्हणजे गर्भाशय. पहिल्या दोन पुरुषालाही असतात. ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय’ असे नुसते लिहून आणलेल्या बाईचे नेमके काय काढले आहे, हे नवीन डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो.

तिसरी पिशवी ही खरे तर पिशवी नाहीच. गर्भाशय हा जाड स्नायूंचा अवयव आहे, मुठीएवढा, उलट्या पेरूच्या आकाराचा. त्याचे खालचे तोंड म्हणजे गर्भाशयमुख, ते योनीत उघडते. वर दोन्ही बाजूंना दोन नळ्या निघतात, त्या बीजवाहिन्या. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत बांधतात त्या या नळ्या. गर्भाशयाला तेव्हा हात लावत नाहीत. नळ्यांच्या टोकांजवळ बदामाएवढी दोन अंडाशये. बीज तयार करणे हे त्यांचे एक काम. दुसरे काम स्त्रीची संप्रेरके, म्हणजे हार्मोन तयार करणे. ती संप्रेरके पाळी चालवतात आणि हाडे बळकटही ठेवतात. अंडाशये काढली तर पाळी जाण्याचे वय झालेले नसतानाही ती संप्रेरके एकदम थांबतात. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. गर्भाशय काढून अंडाशये ठेवली, तरी ती थोडी लवकर थकू शकतात.

म्हणजे ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत निदान दोन वेगळ्या शस्त्रक्रिया लपलेल्या असतात. नुसते गर्भाशय काढले की गर्भाशय आणि अंडाशये दोन्ही, यावर त्या बाईची पुढची तीस-चाळीस वर्षे अवलंबून असतात.

हा शब्द किती महाग पडतो, हे बीड जिल्ह्याने महाराष्ट्राला दाखवले. २०१९ साली ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

कारणे आपल्या घरातली आहेत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, त्यावर मुकादमाची उचल. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. मग अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. दवाखान्यात गेले की ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झालीय’, ‘ठेवली तर कॅन्सर होईल’. पिशवी खराब झाली तर माणूस काय करतो? फेकून देतो. शब्दच असा आहे की पुढचा प्रश्न सुचत नाही. ‘गर्भाशयाला जंतुसंसर्ग झाला आहे’ असे ऐकले असते, तर निदान ‘मग जंतूंचे औषध द्या ना’ एवढे तरी मनात आले असते. अंगावरून पांढरे जाण्याची बहुतेक कारणे औषधांनी बरी होतात.

गर्भाशय काढणे कधीच योग्य नसते, असे मात्र नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव औषधांनी थांबत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते किंवा जगणे सोपे करते. मुद्दा एवढाच की निर्णय कारण समजून व्हावा. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना सांगितले.

आमच्या ताई त्याच भागातल्या. लग्नानंतर सात हंगाम त्यांनी ऊस तोडला. एकोणतिसाव्या वर्षी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढली आणि नंतर कुटुंब दिव्याला, तिथून कोपरला आले. आता त्या घरकाम करतात. पावसात स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरला, हात टेकला आणि मनगटाजवळ रेडिअस मोडले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारले होते, “या वयात हाड इतकं विरळ कसं? अंडाशयं काढली होती का?” ताईंना तो प्रश्नच कळला नव्हता. “पिशवी काढलीय,” एवढेच त्या म्हणाल्या. ऑपरेशनचा कागद त्यांच्याकडे नव्हता. दवाखान्यातही आता मिळाला नाही. रुग्णाचे कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. अकरा वर्षे होऊन गेली होती.

दुसऱ्या रविवारी पुठ्ठ्यावर अंडाशयाची चिठ्ठी लागली, तेव्हा ताईंनी तो प्रश्न आम्हाला सांगितला. त्याच आठवड्यात आमच्यातली एक परिचारिका त्यांना घेऊन सोनोग्राफीला गेली.

न उच्चारलेली नावे

पुठ्ठ्यावरच्या आकृतीत आम्ही मुद्दामच काही झाकले नव्हते. सुरुवातीला पुरुष मंडळी चुळबुळली, मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. आपल्याकडे त्या सगळ्या भागाला एकच नाव, ‘खालची जागा’. बाईला तिथे तीन वाटा आहेत: लघवीचा मार्ग, योनी आणि गुदद्वार. ‘खाली जळजळतं’ म्हटले तर लघवीच्या मार्गाला संसर्ग की योनीला, हे ठरत नाही आणि औषध वेगळे पडते. पुरुषही अंडकोषाची सूज महिनोन्‌महिने ‘जांघेत दुखतंय’ म्हणून अंगावर काढतात.

मुलांना तर ही नावे लवकर शिकवावीत, जशी नाक-कान-डोळे शिकवतो तशीच, न हसता आणि न दटावता. ज्या मुलाला आपल्या अवयवाचे नाव ठाऊक आहे, ते कुणी वाईट हात लावला तर घरी येऊन सांगू शकते. नावच नसेल, तर सांगणार काय?

केसपेपर वाचताना

इंग्रजी-लॅटिन नावे घाबरवतात. पण त्यांची शेपटे ओळखीची झाली की निम्मी भीती जाते. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह किंवा सूज: हिपॅटायटिस यकृताची, आर्थ्रायटिस सांध्याची, गॅस्ट्रायटिस जठराची. शेवटी ‘एक्टॉमी’ असेल तर काढून टाकणे: अपेंडिसेक्टॉमीत आंत्रपुच्छ, हिस्टरेक्टॉमीत गर्भाशय, कोलिसिस्टेक्टॉमीत पित्ताशय, ऊफरेक्टॉमीत अंडाशय. शेवटी ‘स्कोपी’ असेल तर नळीतून आत पाहणे. सुरुवातीला ‘कार्डि’ म्हणजे हृदय, ‘रीनल’ किंवा ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड, ‘पल्मो’ म्हणजे फुप्फुस, ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड.

कंबरदुखीच्या एमआरआयवर ‘एल-४, एल-५’ असे लिहिलेले असते. ती मणक्यांची घरपट्टी समजा. मानेचे सात मणके ‘सी’, पाठीचे बारा ‘डी’, कमरेचे पाच ‘एल’. एल-४ म्हणजे कमरेचा चौथा.

आणि डावे-उजवे. कागदावरचे डावे नेहमी रुग्णाचे डावे असते, डॉक्टरांचे नव्हे. एक्स-रे उजेडात धरला की रुग्ण आपल्यासमोर उभा असल्यासारखा दिसतो, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. शस्त्रक्रियेआधी ‘कोणत्या बाजूचं?’ असे परिचारिका पुन्हा पुन्हा विचारते, तेव्हा वैतागू नका. बोट ठेवून उत्तर द्या.

दोन तोंडांचे पोते

तिसऱ्या रविवारी एका वयस्क उपासकांनी आम्हाला महासतिपट्ठान सुत्तातला दाखला दिला. शरीराकडे कसे पहावे हे सांगताना तिथे धान्याने भरलेल्या, दोन तोंडांच्या पोत्याची उपमा येते. डोळस माणूस पोते सोडतो आणि आतले एकेक धान्य ओळखतो: हे भात, हे मूग, हे तीळ. तसे या शरीरातले भाग एकेक करून ओळखावेत. पुढे येणारी पाली नावे ऐकून मंडळी चकित झाली. यकनं म्हणजे यकृत, पिहकं म्हणजे प्लीहा, वक्कं म्हणजे मूत्रपिंड, पप्फासं म्हणजे फुप्फुस. ध्यानासाठीची ती यादी आहे, वैद्यकाची नाही. पण पोते बांधलेले ठेवून ‘आत काहीतरी आहे’ म्हणायचे, की सोडून एकेक ओळखायचे, हा प्रश्न दवाखान्याच्या रांगेतही तोच असतो.

म्हणून प्रत्येक घराने एवढे करावे.

१. घरातल्या प्रत्येकासाठी एक वही. पहिल्या पानावर रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि झालेली शस्त्रक्रिया: अवयवाचे नाव, बाजू, वर्ष.

२. शस्त्रक्रियेआधी विचारा: नेमका कोणता अवयव? सगळा की काही भाग? का? औषधाने बरे होणार नाही का? काढल्यावर पुढे काय होईल?

३. गर्भाशयाची शस्त्रक्रिया सुचवली तर ‘अंडाशये ठेवणार का?’ हा प्रश्न विसरू नका. तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. शास्त्रीनगर, रुक्मिणीबाई, कळव्याचे रुग्णालय ही सरकारी रुग्णालये आपल्या लोकल मार्गावरच आहेत.

४. घरी येताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि काढलेल्या अवयवाच्या तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद देण्याचा नियम २००२ पासून आहे. ते कागद पेटीत जपा, कारण दवाखाना ते कायम ठेवणार नाही.

५. संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला सोबत न्या. तो पोरगा शाळा बुडवेल, पण आईचा अवयव वाचवेल.

आमचा पुठ्ठा आता विहाराच्या भिंतीवर लावला आहे. ज्यांना आपल्या वस्तीत असा खेळ घ्यायचा असेल, त्यांनी फक्त पुठ्ठा, चिठ्ठ्या आणि डिंक आणावा. शेजारची एखादी परिचारिका किंवा आशाताई नक्की येईल.

ताईंच्या सोनोग्राफीत गर्भाशय नव्हते आणि दोन्ही अंडाशयेही नव्हती. आता हाडांची घनता तपासून त्यांचे औषध सुरू झाले आहे. प्लास्टर निघाल्यावर त्या विहारात आल्या, उजव्या हाताने हळूहळू वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले: ‘गर्भाशय व दोन्ही अंडाशये काढलेली. वय २९.’ मग तीच वही त्यांनी आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला वाचायला दिली.